२०१९: जगभर पेटलेल्या आंदोलनांचं वर्ष (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०१९ हा विषय निघाला की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही मुद्दाम अडचणीत टाकणारे. दोन्ही प्रकारचे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. २०१९ मध्ये नेमकं झालं काय? अगदी थोडक्यात सांगा.

सुरुवात खरं तर डिसेंबर २०१८ मध्ये सुदानमध्ये झाली. फेब्रुवारीत अल्जीरिया, जूनमध्ये हाँगकाँग, जुलैमध्ये प्युएर्तो रिको, आणि ऑक्टोबरमध्ये तर रांगच लागली: इराक, इक्वेडोर, लेबनॉन, चिली, बोलिव्हिया. नोव्हेंबरमध्ये इराण आणि कोलंबिया. वर्ष संपेपर्यंत अल्जीरियाचे बुतेफ्लिका, सुदानचे बशीर आणि बोलिव्हियाचे मोरालेस हे राष्ट्राध्यक्ष गेले होते. लेबनॉनचे हरीरी आणि इराकचे अब्दुल महदी या पंतप्रधानांनी राजीनामे दिले होते. प्युएर्तो रिकोच्या गव्हर्नरचं पद तर टेलिग्रामवरच्या खासगी गप्पांची ८८९ पानं फुटल्यामुळे गेलं.

२. सगळं एकाच वर्षी कसं? मागून कुणी सूत्रं हलवत होतं का?

असं म्हणणारे बहुतेक जण सत्तेत होते. चिलीच्या पिन्येरांना 'बलाढ्य शत्रू' दिसला, इक्वेडोरच्या मोरेनोंना व्हेनेझुएलाचा हात दिसला, बीजिंग आणि तेहरानला परकीय शक्ती दिसल्या. या सगळ्यांचा सूत्रधार एकच असता तर त्याला एकाच वेळी डाव्या, उजव्या, धार्मिक आणि कम्युनिस्ट अशा सगळ्याच सरकारांशी वैर धरावं लागलं असतं.

काही कारणं मात्र सामाईक होती. २०१४ नंतर तेल उतरलं आणि अल्जीरिया, इराक, इक्वेडोर यांच्या तिजोऱ्या आकसल्या. अनुदानं आणि सरकारी नोकऱ्या देऊन लोकांना गप्प ठेवण्याची जुनी सोय महागात पडू लागली. त्यात तरुणांची संख्या मोठी आणि हातात फोन. शिवाय आंदोलकांनी एकमेकांचं उघडउघड उचललं. ऑगस्टमध्ये हाँगकाँगकरांनी विमानतळ अडवला, ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या विमानतळावर तोच प्रयोग झाला. पोलिसांवर रोखलेले हिरवे लेझर हाँगकाँगमध्ये दिसले, नंतर चिलीच्या राजधानीत, सँतियागोतही. याला कट म्हणायचं कारण नाही, बघून शिकले एवढंच.

३. मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं म्हणून अख्खं चिली पेटतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

६ ऑक्टोबर २०१९ ला सँतियागो मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ८०० वरून ८३० पेसो झालं. वाढ डॉलरमध्ये चार-पाच सेंट, म्हणजे काहीच नाही. आणि गंमत अशी, की शाळकरी मुलांचं सवलतीचं भाडं वाढलंच नव्हतं. तरीही तिकीट न काढता फाटकावरून उड्या मारायला सुरुवात केली ती शाळकरी मुलांनीच. गणवेशातली मुलं घोळक्याने स्टेशनात शिरायची, फाटकं उघडून धरायची आणि मागच्या मोठ्या माणसांना आत सोडायची. भाडं आईबापांचं वाढलं होतं, हे त्यांना घरी रोज ऐकू येत होतं.

अर्थव्यवस्था खात्याच्या मंत्र्यांनी त्यावर उपाय सुचवला: सकाळी लवकर निघा, तेव्हा तिकीट स्वस्त असतं. शहराच्या कडेला राहणारी, दीड-दोन तास प्रवास करून कामावर पोचणारी माणसं आधीच पहाटे उठत होती. लोकांना भाडेवाढीपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं असं मला वाटतं. १८ ऑक्टोबरला स्टेशनं पेटली, आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष नातवाच्या वाढदिवसाला पिझ्झा खाताना कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडले. त्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि लष्कर रस्त्यावर आलं.

दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, भाडेवाढ स्थगित केली. २५ तारखेला सँतियागोत दहा लाखांहून जास्त लोक जमले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भांडण सुरू झालं ती मिळाल्यानंतर गर्दी वाढली. घोषणाच होती, '३० पेसो नाहीत, ३० वर्षं आहेत'. १९९० मध्ये पिनोशेची हुकूमशाही गेली, पण त्याच्या काळातली १९८० ची राज्यघटना राहिली, आणि खासगी पेन्शन, महागडं शिक्षण, पैसेवाल्यांची वेगळी इस्पितळं हेही राहिलं. लोक पेन्शनबद्दल ओरडत होते आणि सरकार तिकिटाबद्दल बोलत होतं: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो, पहिला दिवस बघू नका. सवलत जाहीर झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस बघा. लोक घरी गेले की थांबले, यावरून मूळ दुखणं कळतं.

४. लेबनॉनमध्ये व्हॉट्सॲपवर कर लावला म्हणून सरकार पडलं, हे खरं का?

कर लागलाच नाही, प्रस्ताव आला होता. १७ ऑक्टोबरला सरकारने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर दिवसाला २० सेंट, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ६ डॉलर आकारायचं ठरवलं, आणि गर्दी बघून काही तासांत मागेही घेतलं. लेबनॉनमध्ये मोबाइलचे दर फार चढे होते आणि दोन्ही कंपन्या सरकारच्याच होत्या, त्यामुळे गरीब माणूस व्हॉट्सॲपवरच बोलायचा. त्याच आठवड्यात डोंगरांत मोठे वणवे लागले होते, आणि ते विझवण्यासाठी घेतलेली हेलिकॉप्टरं देखभालीअभावी धूळ खात पडलेली निघाली.

मागणी कराची राहिली नाही. 'सगळे म्हणजे सगळे' ही तिथली घोषणा, म्हणजे सगळे नेते जा, आमच्या जमातीचासुद्धा. लेबनॉनमध्ये ही साधी गोष्ट नव्हे. तिथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया अशी वाटणी ठरलेली आहे. नोकरीपासून इस्पितळातल्या खाटेपर्यंत वशिला आपापल्या नेत्याचा लागतो. २७ ऑक्टोबरला उत्तरेच्या त्रिपोलीपासून दक्षिणेच्या टायरपर्यंत सुमारे १७० किलोमीटर माणसांची साखळी धरली गेली, तेव्हा ती वेगवेगळ्या जमातींच्या गावांमधून गेली. दोन दिवसांनी हरीरींनी राजीनामा दिला. पुढचं प्रश्न १३ मध्ये.

५. भाववाढ मागे घेतल्यावर आंदोलन थांबलं, असं कुठेच झालं नाही का?

झालं, इक्वेडोरमध्ये. नाणेनिधीच्या कर्जाचा भाग म्हणून मोरेनो सरकारने वटहुकूम ८८३ काढून इंधनावरचं अनुदान बंद केलं. डिझेल गॅलनला सुमारे १.०३ डॉलरवरून २.३० च्या आसपास गेलं (तिथलं चलन अमेरिकी डॉलरच आहे). वाहतूकदार संपावर गेले, मग डोंगरातले आदिवासी राजधानी किटोत उतरले, आणि सरकारने आपलं ठाणं किटोहून समुद्रकाठच्या ग्वायाकिलला हलवलं. १३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष आणि आदिवासी संघटनांचे नेते समोरासमोर बसले. ही चर्चा टीव्हीवर थेट दाखवली जात होती. रात्री वटहुकूम रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी लोक झाडू घेऊन रस्ते साफ करू लागले.

फरक कशामुळे पडला? समोर एक संघटना होती, तिची एक मागणी होती, आणि 'आता पुरे' असं आपल्या माणसांना सांगण्याचा तिला अधिकार होता. चिली आणि लेबनॉनमध्ये सरकारला बोलायला माणूसच सापडत नव्हता.

६. हाँगकाँगचा प्रश्न पैशांचा नव्हता ना?

नव्हता. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या एका तरुणाने तैवानमध्ये प्रेयसीचा खून केला आणि तो परत आला. हाँगकाँग आणि तैवान यांच्यात प्रत्यार्पणाचा करार नव्हता, म्हणून कॅरी लॅम यांच्या सरकारने नवं विधेयक आणलं. त्यात आरोपींना चीनच्या मुख्य भूमीवर पाठवण्याचीही सोय होती, आणि तिथेच ठिणगी पडली. १५ जूनला विधेयक स्थगित झालं, ४ सप्टेंबरला मागे घेण्याची घोषणा झाली, २३ ऑक्टोबरला ते रीतसर मागे गेलं. वरातीमागून घोडं. मधल्या काळात मागण्या पाच झाल्या होत्या: विधेयक रद्द करा, १२ जूनच्या निदर्शनांना 'दंगल' म्हणणं सोडा, अटक केलेल्यांवरचे खटले काढा, पोलिसांची स्वतंत्र चौकशी करा, आणि प्रत्येकाला मताचा खरा अधिकार द्या. 'पाचही हव्यात, एक कमी चालणार नाही.'

पैसा नव्हता म्हणालो, पण खुराड्याएवढ्या घरांचं अवाच्या सवा भाडं भरणारी पिढीच रस्त्यावर होती, हेही नजरेआड करता येत नाही.

७. नेता नसताना लाखो लोक एकत्र कसे चालतात?

हाँगकाँगचं उदाहरण घ्या. पुढच्या रांगेतल्या मुलाला हेल्मेट हवं असेल तर तो दोन्ही हात डोक्यावर टोपीसारखे धरायचा. मागचा तीच खूण करायचा, त्याच्या मागचाही, आणि खूण शेकडो माणसांतून मागे जाऊन हेल्मेट हातोहात पुढे यायचं. छत्रीची खूण वेगळी, कात्रीची वेगळी. रुग्णवाहिका आली की गर्दी मधोमध दुभंगायची आणि ती गेल्यावर मिटायची. ब्रूस लीचं 'पाण्यासारखे व्हा' हे वाक्य त्यांनी डावपेच म्हणून वापरलं: जमा, पोलीस आले की पांगा, दुसरीकडे जमा.

बगदादमध्ये ही भूमिका तीनचाकी टुकटुकवाल्यांनी केली. गरीब वस्त्यांतली ही पोरं एरवी शहरात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तहरीर चौकात अश्रुधुराच्या नळकांड्यांनी डोकी फुटायला लागली आणि रुग्णवाहिका आत पोचेनात, तेव्हा जखमींना हेच उचलून नेत होते. आंदोलकांनी काढलेल्या वर्तमानपत्राचं नावही 'टुकटुक'च होतं.

सुदान मात्र या यादीत बसत नाही. तिथे डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्या व्यावसायिक संघटनांचा महासंघ मोर्च्यांची वेळ आणि जागा ठरवत होता, आणि त्याच्या खाली गल्लोगल्लीच्या समित्या होत्या. ३ जूनच्या कत्तलीनंतर (प्रश्न ११) लष्कराने इंटरनेट बंद केलं, तेव्हा या समित्यांनी दारोदार जाऊन, पत्रकं वाटून ३० जूनचा प्रचंड मोर्चा जमवला. 'फेसबुकने क्रांती केली' असं म्हणणाऱ्यांना मी हा मोर्चा दाखवतो.

८. गर्दीचे आकडे कुणाचे खरे मानायचे?

हाँगकाँगमध्ये १६ जूनच्या मोर्च्याला आयोजकांच्या मते जवळजवळ २० लाख लोक होते, पोलिसांच्या मते मूळ मार्गावर ऐन गर्दीत ३ लाख ३८ हजार. दोघं वेगळी गोष्ट मोजत होते: दिवसभरात येऊन गेलेले सगळे, आणि एका क्षणी रस्त्यावर असलेले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. सँतियागोच्या २५ ऑक्टोबरच्या आकड्याला वजन आहे ते यासाठी, की दहा लाखांच्या वर लोक आहेत हे सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं.

९. साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सरकार पडतंच, असा नियम आहे ना?

अमेरिकी अभ्यासक एरिका चेनोवेथ यांचा हा निष्कर्ष. १९०० ते २००६ मधल्या आंदोलनांचा अभ्यास करताना असं दिसलं, की ऐन भरात लोकसंख्येच्या ३.५ टक्के लोक सामील झालेली आंदोलनं अपयशी ठरली नव्हती. पुढे चेनोवेथ यांनीच याला अपवाद दाखवले, उदाहरणार्थ २०११ चं बहारीन. हाँगकाँगची लोकसंख्या सुमारे ७५ लाख. पोलिसांचा आकडा धरला तरी टक्केवारी साडेचारच्या आसपास जाते, आणि सरकार पडलं नाही. हाँगकाँगचं सरकार पाडून काय होणार होतं? निर्णय बीजिंगचा, आणि अख्ख्या चीनच्या लोकसंख्येच्या हिशेबात ही गर्दी किरकोळ. टक्का काढताना छेदात कोण घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं.

१०. अल्जीरियात तर ८२ वर्षांचा आजारी माणूस होता. त्याला हटवायला एवढं काय लागतं?

बुतेफ्लिकांना २०१३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. त्यानंतर ते जवळपास दिसतच नव्हते आणि समारंभात त्यांच्या जागी चौकटीतला फोटो ठेवला जायचा. लोक त्यांना 'फ्रेम'च म्हणायला लागले. फेब्रुवारीत या फ्रेमची पाचव्या खेपेची उमेदवारी जाहीर झाली आणि २२ तारखेच्या शुक्रवारी लोक बाहेर पडले. मग दर शुक्रवारी, आणि मंगळवारी विद्यार्थी. २ एप्रिलला राजीनामा आला.

पण तो मागितला लष्करप्रमुखांनी. खरी सत्ता तिथे पूर्वीपासून लष्कराकडे आहे, आणि फ्रेम बदलणं लष्कराला परवडत होतं. म्हणून 'ते सगळेच जाऊ देत' ही घोषणा राजीनाम्यानंतर जास्त ऐकू आली. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत पाचही उमेदवार जुन्या व्यवस्थेतलेच होते. सरकारी आकड्यानुसारही मतदान ४० टक्क्यांच्या आसपास झालं, आणि निवडून आले माजी पंतप्रधान तेबून.

११. सुदानमध्ये ३ जूनला काय झालं?

डिसेंबर २०१८ मध्ये अतबरा या रेल्वेच्या गावात ब्रेड एका पौंडाचा तीन पौंड झाला आणि आंदोलन पसरलं. ६ एप्रिलला खार्टूममध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या सुरू झाला. तारीख मुद्दाम निवडली होती: १९८५ मध्ये याच दिवशी निमेरींची हुकूमशाही कोसळली होती. ११ एप्रिलला ३० वर्षं सत्तेत असलेल्या बशीरना लष्कराने हटवलं. तरी लोक उठले नाहीत, उलट २३ तारखेला अतबराहून आगगाडी भरून, टपावर बसून माणसं ठिय्याला येऊन मिळाली. त्यांना नागरी सरकार हवं होतं.

३ जूनच्या पहाटे निमलष्करी दलांनी हा ठिय्या उधळला. आंदोलकांच्या बाजूच्या डॉक्टरांनी मृतांचा आकडा शंभराच्या वर सांगितला, आणि काही प्रेतं नाईलमधून काढावी लागली. ३० जूनच्या मोर्च्यानंतर लष्कर पुन्हा बोलणीला बसलं आणि ऑगस्टमध्ये नागरी-लष्करी मिश्र सरकार आलं.

१२. बोलिव्हियात जनतेचा उठाव झाला की लष्करी बंड? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगणारा माणूस दुसरी बाजू लपवतो आहे, असं समजा. २०१६ च्या सार्वमतात लोकांनी मोरालेसना पुन्हा उभं राहण्याची परवानगी नाकारली होती, तरी न्यायालयाच्या आधारे ते उभे राहिले. २० ऑक्टोबरच्या रात्री प्राथमिक मोजणी सुमारे ८४ टक्क्यांवर अचानक थांबली. दुसरी फेरी टाळायला १० टक्क्यांची आघाडी लागत होती आणि तोवर ती सातच्या आसपास होती. मोजणी परत सुरू झाली तेव्हा आघाडी दहाच्या काठावर आलेली, आणि अंतिम निकालात साडेदहा. लोक चिडले, ते खरं होतं.

पोलिसांनी बंड केलं आणि १० नोव्हेंबरला लष्करप्रमुखांनी राजीनामा देण्याचा 'सल्ला' दिला, हेही खरं. त्यानंतरच्या हंगामी सरकारच्या काळात साकाबा आणि सेंकाता इथे मोरालेस समर्थकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. घोटाळ्याचा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालातल्या संख्याशास्त्रावर पुढे अभ्यासकांनी आक्षेप घेतले. आणि २०२० च्या निवडणुकीत मोरालेसांच्याच पक्षाचे लुईस आर्से ५५ टक्के मतं घेऊन पहिल्या फेरीत जिंकले.

१३. शेवटी कोण जिंकलं?

माणसं गेली, व्यवस्था बहुतेक ठिकाणी राहिली. देशवार सांगतो.

चिलीत नव्या राज्यघटनेला २०२० मध्ये ७८ टक्क्यांनी हो म्हटलं. मग २०२२ मध्ये डाव्यांचा मसुदा ६२ टक्क्यांनी आणि २०२३ मध्ये उजव्यांचा मसुदाही बहुमताने फेटाळला. जुनीच घटना चालू आहे. लेबनॉनमध्ये मार्च २०२० ला सरकारने कर्ज बुडवलं, ऑगस्टमध्ये बैरुत बंदरात स्फोट झाला, आणि वर्षानुवर्षं डॉलरला १,५०७ वर बांधून ठेवलेला पौंड खुल्या बाजारात २०२३ पर्यंत ९० हजारांपलीकडे घसरला. हाँगकाँगमध्ये नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा निवडणुकीत लोकशाहीवाद्यांनी १८ पैकी १७ परिषदा जिंकल्या, आणि ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. सुदानचं सगळ्यात वाईट झालं: ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराचं बंड, एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि त्याच निमलष्करी दलांमध्ये युद्ध.

१४. इराणबद्दल एवढं कमी का ऐकलं?

कारण इंटरनेटच बंद केलं होतं, जवळपास संपूर्ण देशात, सुमारे आठवडाभर. १५ नोव्हेंबरला महिन्याला ६० लिटरपर्यंतचं पेट्रोल दीडपट आणि त्यापुढचं तिप्पट महाग झालं. भाववाढ मागे घेतली नाही, गोळीबार केला. मृतांचा आकडा अॅम्नेस्टीने तीनशेच्या वर धरला, रॉयटर्सने अधिकाऱ्यांच्या हवाल्याने १,५०० सांगितला, सरकार सव्वादोनशेच्या आसपास थांबलं.

१५. फ्रान्सचे पिवळे जॅकेटवाले, स्पेनमधलं कॅटलोनिया, हवामानासाठीचे शाळकरी मोर्चे, भारतातलं नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलन: हे यात धरायचं का?

धरा, पण एकाच टोपलीत नको. पिवळी जॅकेटं नोव्हेंबर २०१८ ची आणि इंधन करावरची, म्हणून ती प्रश्न ३ ते ५ च्या कुळातली. कॅटलोनिया आणि भारतातलं आंदोलन हाँगकाँगच्या जवळचं, कारण दोन्हीकडे भांडण पैशाचं नसून आपण कोण आणि निकाल देणारे कोण याचं होतं. हवामानाचे मोर्चे वेगळे: त्यात पाडायला एक सरकारच नव्हतं.

१६. कोविड आला नसता तर?

अल्जीरियातले शुक्रवार मार्च २०२० मध्ये थांबले, चिलीचं एप्रिलमधलं सार्वमत ऑक्टोबरवर गेलं, एवढं नक्की. त्यापलीकडचे तर्क तुम्ही करा.

१७. पांढऱ्या कपड्यांतली, गाडीच्या टपावर उभी राहून बोट उंचावणारी ती मुलगी कोण?

आला सलाह, खार्टूमची विद्यार्थिनी. फोटो ८ एप्रिलचा, लष्कराच्या मुख्यालयासमोरचा. अंगावर सुदानी बायकांचा पांढरा तोब, कानात मोठी सोनेरी कर्णफुलं, आणि भोवती हातातल्या फोनचा समुद्र. ती कविता म्हणत होती आणि गर्दी प्रत्येक ओळीला 'क्रांती' म्हणून साद देत होती. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिला बोलायला बोलावलं. तिथे तिने कविता म्हटली नाही. आंदोलनात बायका पुढे होत्या आणि सत्तेची बोलणी सुरू झाल्यावर त्यांना बाजूला सारलं गेलं, याची तक्रार तिने परिषदेपुढे मांडली.